राळ, धूळ आणि ठिणगी

पुणे-बंगळूर हमरस्त्यावर रात्रीच्या वेळी मोटारीच्या दिव्यांत लखलखणारे पांढरे-पिवळे पट्टे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ते कशाने बनतात आणि ते ओढणाऱ्या मजुराच्या अंगावर काय बेतू शकते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. काचेचे बारीक मणी, चुनखडीची पूड, रंगद्रव्य आणि या सर्वांस एकत्र धरून ठेवणारी राळ यांचे मिश्रण रस्त्याच्या कडेला गाडीवरील भट्टीत वितळवून डांबरावर ओतले जाते. यांतील राळ पुष्कळदा खनिज तेलापासून काढलेली, म्हणजे व्यवहारात जिला हायड्रोकार्बन रेझिन किंवा पेट्रोलियम रेझिन म्हणतात ती असते. हीच राळ चिकटपट्टीत, पुस्तकबांधणीच्या गरम सरसात, छपाईच्या शाईत, रंगरोगणात आणि टायरच्या रबरात जाते. सारांश, जी वस्तू आपल्या घरात, छापखान्यात आणि रस्त्यावर रोज आहे, तिच्या धोक्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिचे मूळ तेलशुद्धीकरणात आहे. नाफ्था तापवून फोडला की इथिलीनसारखे मुख्य पदार्थ निघतात आणि पाच किंवा नऊ कार्बन-अणूंचे काही द्रव मागे उरतात. ॲल्युमिनियम क्लोराइडसारख्या उत्प्रेरकाच्या साह्याने हे रेणू एकमेकांस जोडले की पिवळसर, ठिसूळ आणि काचेसारखी राळ तयार होते. बहुतेक जाती ८० ते १४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतात. पोत्यातून निघणारे तिचे मणी वा पापुद्रे हातात घेतले तर चटका बसत नाही आणि काडी लावली तरी चटकन पेट घेत नाहीत. तिचे हे निरुपद्रवी रूपच माणसाला गाफील ठेवते, आणि आमच्या मते तिचा पहिला धोका तोच होय.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी दशावतारी खेळ पाहिले आहेत, त्यांना राळेचा गुण वेगळा सांगावयास नको. राक्षस रंगमंचावर यावयाचा झाला की मशालीवर मूठभर राळ फेकली जाई आणि ज्वाळेचा लोळ उठे. राळेचा खडा मशालीजवळ धरला तर तो वितळतो व धुमसतो. तीच राळ कुटून हवेत उधळली की क्षणार्धात भडका होतो. कारण उघड आहे. भुकटीच्या प्रत्येक कणास चहूबाजूंनी हवा मिळते आणि सारे कण एकदमच जळतात. ती झाडाची राळ होती, ही तेलाची आहे. भुकटीचा नियम मात्र दोघींना एकच. मोकळ्या मांडवात जो भडका प्रेक्षकांस रिझवितो, तोच बंद खोलीत झाला तर भिंती पाडतो. ज्वलनशील धूळ, हवा, ठिणगी, धुळीचा ढग आणि बंदिस्त जागा हे पाच एकत्र आले की स्फोट होतो; त्यांतील एक जरी काढून घेतला तरी तो टळतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. अमेरिकेत केंटकी राज्यातील कॉर्बिन गावी २० फेब्रुवारी २००३ रोजी ध्वनिरोधक अस्तरे बनविणाऱ्या कारखान्यात फिनॉलिक राळेच्या धुळीचा स्फोट झाला. सात कामगार ठार आणि सदतीस जखमी झाले. तेथे भट्टीचे तापमान आवरत नव्हते म्हणून तिचे दार उघडे ठेवले होते, आणि शेजारी झाडू व दाबाची हवा वापरून सफाई चालू होती. सफाईने उठलेला ढग भट्टीपर्यंत गेला. पहिल्या धक्क्याने तुळयांवर व छतावर वर्षानुवर्षे साचलेली धूळ खाली आली आणि तिने पहिल्याहून मोठा स्फोट घडविला. त्याच देशाच्या रसायन-सुरक्षा मंडळाने १९८० ते २००५ या काळातील अशा २८१ घटना मोजल्या. त्यांत ११९ माणसे दगावली. कॉर्बिनची राळ आमच्या आजच्या विषयातील राळेहून वेगळ्या जातीची होती हे खरे. परंतु वाळूचे साचे बांधण्यासाठी फौंड्र्यांतून वापरली जाते ती तिचीच भगिनी. यास्तव बेळगाव-कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्यानेही हा धडा आपलाच समजावा.

दुसरा धोका स्थिर विजेचा. ही राळ विजेची मंदवाहक आहे. प्लॅस्टिकच्या पोत्यातून ती घसरत खाली पडू लागली की घर्षणाने विद्युतभार साचतो. सरस किंवा शाई बनविताना ती टोल्युइनसारख्या द्रवात विरघळवितात, आणि टोल्युइनची वाफ अवघ्या चार-पाच अंशांवरही पेट घेण्याजोगी असते. म्हणजे आपल्याकडील हवेत ती बारमाही सज्जच आहे. द्रवाने भरलेल्या उघड्या पिंपात कामगाराने पोते उपडे करावयाचे आणि डोळ्यांना न दिसणारी ठिणगी पडावयाची, एवढ्यानेच अनर्थ होतो. उपाय माहीत आहेत. पिंप आणि ओतण्याचे नरसाळे तारेने जमिनीशी जोडावे, भांड्यातील हवा नायट्रोजनने हटवावी, शक्य तेथे राळ आधी भरून द्रव नंतर बंद नळीने सोडावा, कामगारास वीज वाहून नेणारे जोडे द्यावेत. यांतील अर्थिंगच्या तारेस आणि चिमट्यास लागणारा खर्च कोणत्याही मालकास परवडण्याजोगा आहे.

तिसरा धोका गोदामात जन्मतो. राळ साधारणतः ३० अंशांखाली, सावलीत व कोरड्या जागी ठेवावी असे सांगितले जाते. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली पोत्यांवर पोती रचली की खालचे मणी एकमेकांस चिकटून त्यांची ढेप होते. मग ती फोडण्यासाठी हातोडा आणि पहार येते. पहारीने भुकटी उडते, आणि लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगीही उडते. पोती कमी उंचीवर रचणे, जुना माल आधी काढणे आणि छपराखाली वारा खेळता ठेवणे ही कामे हिशेबनीसाला क्षुल्लक वाटत असतील; स्फोटाची सुरुवात मात्र अशाच क्षुल्लक गोष्टींतून होते. जमिनीवर सांडलेल्या मण्यांवरून पाय घसरून हाड मोडते, हाही धोका लहान समजू नये. साचलेली धूळ दाबाच्या हवेने कधीही उडवू नये. धुळीच्या स्फोटास सुरक्षित असलेल्या शोषणयंत्राने ती ओढून घ्यावी, आणि तुळया व दिव्यांवरील थर सर्वांत आधी काढावेत.

आता रस्त्यावरील भट्टीकडे वळू. तेथे राळेचे मिश्रण १८० ते २०० अंशांच्या आसपास खदखदत असते आणि त्याच गाडीवर गॅसची सिलिंडरे उभी असतात. ज्वाला मोठी करून काम उरकण्याचा मोह झाला की राळ धुरकटते, डोळे व घसा चुरचुरतात आणि पुढे ती पेट घेते. पावसात भिजलेले पोते या रसात टाकले तर पाण्याची एका क्षणात वाफ होऊन सोळाशे पटींहून अधिक फुगते आणि तप्त रस बाहेर उसळतो. म्हणूनच पेटलेल्या भट्टीवर पाण्याचा झोत मारू नये. कोरडी भुकटी, फेस किंवा कर्बवायूचे अग्निशामक हवे, आणि ते गाडीवर भरलेले असले पाहिजे. पिवळ्या पट्ट्याच्या मालात शिसे व क्रोमियमयुक्त रंगद्रव्य असेल तर पोते ओततानाची धूळ विषारी असते. त्यावर पिशवीसकट भट्टीत विरघळणारा माल घेणे हा सोपा इलाज आहे.

अंगावर तप्त रस पडला तर काय करावे, हे प्रत्येक मुकादमास पाठ असावयास हवे. भाजलेला भाग ताबडतोब थंड, वाहत्या पाण्याखाली धरावा आणि निदान वीस मिनिटे तेथून हलवू नये. कातडीस चिकटलेली राळ ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर कातडीही निघते. रॉकेल, पेट्रोल वा थिनर लावू नये. हळद-तेलाचे लेपही नकोत. तसेच दवाखान्यात न्यावे. लांब बाह्यांचा सुती सदरा, उष्णतारोधक हातमोजे, चेहऱ्यापुढे ढाल आणि बंद जोडे ही चैन नव्हे, ती हत्यारेच होत.

राळेपेक्षा तिचा कच्चा माल अधिक घातक असतो, हेही विसरता कामा नये. नऊ कार्बनच्या द्रवांत ज्याचा अंश असतो, ते स्टायरीन टाकीत तापले तर आपोआप जोडले जाऊ लागते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणम् येथे टाकीतून सुटलेल्या याच वाफेने झोपलेल्या वस्तीतील बारा माणसांचा बळी घेतला.

इतके सारे ज्ञात असताना अपघात का होतात? आमचे उत्तर असे, की ज्ञान कागदावर आहे आणि कागद मजुराच्या भाषेत नाही. अशा मालासोबत सोळा भागांचे सुरक्षापत्रक येते. ते बहुधा इंग्रजीत असते आणि कचेरीतील फायलीत जाऊन बसते. पोते उचलणारा मराठी वाचतो, कानडी वाचतो, बिहारहून आला असेल तर हिंदी वाचतो, किंवा काहीच वाचीत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने स्फोटक धूळ साचू न देण्याचे व ठिणगीची साधने दूर ठेवण्याचे बंधन कलम ३७ अन्वये घातले होते. कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत लावाव्यात असे कलम १०८ सांगत होते. आणि भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये धोक्याची माहिती कामगारांस देणे मालकावर बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले; मालकाचे कर्तव्य मात्र बदललेले नाही.

भाषेचा प्रश्न हा केवळ फलकांचा व कचेऱ्यांचा आहे असे जे समजतात, त्यांनी भट्टीजवळ उभे राहून पाहावे. आगीला भाषा नसते. इशाऱ्याला मात्र ती असावीच लागते. मराठी कामगारास मराठीत, कानडी कामगारास कानडीत आणि निरक्षरास चित्राने व तोंडी समजावून सांगणे, यात कोणाचाही अभिमान दुखावण्याजोगे काही नाही. आमची मागणी साधी आहे. राळ साठविणाऱ्या, वितळविणाऱ्या वा विरघळविणाऱ्या प्रत्येक ठिकाणी सुरक्षापत्रकाचे एक पान कामगारांच्या भाषांत भिंतीवर लागावे. रस्त्याचे कंत्राट देणाऱ्या खात्याने अग्निशामक, पाणी व हातमोजे पाहिल्याखेरीज भट्टी पेटवू देऊ नये. आणि कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीपत्रात या गोष्टी पहिल्या ओळीत लिहाव्यात. मालक म्हणतील की यास वेळ व पैसा लागतो. लागतोच, परंतु तो आज मोजला नाही तर उद्या मजुराच्या घरातून वसूल होतो, आणि त्या घरची माणसे पैशाने परत मिळत नाहीत.