आंसाचा श्वास

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ घर कोंकणांत आहे, आणि ज्यांचें नाहीं त्यांचे व्याही किंवा जांवई तरी तिकडचे असतात. त्यामुळें या महिन्याचा विषय कांहींसा रुक्ष वाटला, तरी तो अगदींच परका वाटूं नये. विषय आहे मोटारीच्या आंसाच्या माथ्यावर असलेल्या एका बारीक छिद्राचा. एवढ्याशा छिद्रावरून आमच्या आप्तांच्या एका एकत्र कुटुंबांत महिनाभर वाद चालला, आणि त्या वादाचा निकाल ऐन वेळीं घराच्या उपयोगीं पडला. म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

मालवणपासून कांहीं मैलांवर या आप्तांची वाडी आहे. तीन भावांचा संसार एकत्र. घर आणि आंबा-काजूची बाग व्हाळाच्या एका तीरास, डांबरी रस्ता दुसऱ्या तीरास. मध्यें मोटारीसाठीं दगडी फरशी आणि वरच्या अंगास माणसांसाठीं अरुंद साकव. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां चार महिने फरशीवरून पाणी वाहणें हें नित्याचेंच. यासाठीं त्यांनीं चारहि चाकांना जोर पोंचविणारी आणि मागच्या आंसांत लॉकर असलेली पिकअप गाडी घेतली. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस गाडीच्या मागच्या बाजूनें घरघर ऐकूं येऊं लागली. मिस्त्र्यांनीं आंसाचें खालचें बूच काढलें, तों तेलाऐवजीं दुधाळ चहासारखा द्रव बाहेर आला. “गाडी पाणी प्यायली,” एवढेंच ते म्हणाले. बेअरिंगें गंजून खरवडलीं होतीं आणि क्राऊन-पिनियनचे दांते डागाळले होते. वडील मंडळींनीं दोष पुतण्याच्या हांकण्यास दिला. पुतण्यानें कारखान्यास दिला. वस्तुतः दोष दोघांचाहि नव्हता.

खरा प्रकार समजण्यास आंसाची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी दांतेरी चक्रांची जी जुळणी, तिला डिफरन्शियल म्हणतात. ही सोय चिखलांत मात्र गैरसोय ठरते. एक चाक निसटून गरगर फिरूं लागलें कीं दुसरें स्वस्थ उभें राहतें. लॉकर दोन्ही चाकें एकत्र जखडतो व गाडी बाहेर काढतो. हीं सारीं चक्रें एका लोखंडी पेटींत तेलांत बुडून फिरत असतात; मात्र ती पेटी तेलानें पूर्ण भरलेली नसते. तेलाच्या वर हवा असते, आणि आमच्या गोष्टीचें मूळ त्या हवेंत आहे.

गृहिणींना हें सांगावयास नकोच कीं, गरम पदार्थाच्या डब्याचें झांकण घट्ट लावलें तर निवाल्यावर तें निघतां निघत नाहीं. आंतली हवा आकसते आणि बाहेरची हवा झांकणास दाबून धरते. आंसाचेंहि तसेंच. घाटाच्या चढउतारांनीं आंस ७० अंश सेल्सियसपर्यंत तापला, आणि तो २७ अंशांच्या व्हाळांत एकाएकीं बुडाला असें धरूं. कोंडलेल्या हवेचा दाब सुमारें एक-अष्टमांशानें घटतो. वातावरणाचा दाब सुमारें दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे ही ओढ सव्वा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी झाली. आंसाच्या टोकांना ऑइल सील असते खरी. पण तिचा रबरी ओठ तेल आंत राखण्यासाठीं वळविलेला असतो, बाहेरचें पाणी थोपविण्यासाठीं नव्हे. पाण्यास वाट सांपडते. व्हाळांत भरतीचें पाणी चढलेलें असेल तर प्रकरण अधिकच बिघडतें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पोलादास त्यांचें वावडें आहे.

हा अनर्थ टाळण्यासाठींच आंसाच्या माथ्यावर श्वासाचें छिद्र ठेवलेलें असतें. मिस्त्री त्यास ब्रीदर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत तें एका लहान टोपीखालीं आंसावरच असतें. आमच्या आप्तांच्या गाडीची ती टोपी तांबड्या मातीच्या चिखलानें बुजली होती. श्वास कोंडला, आणि आंसानें सीलमधून पाणी ओढलें. टोपी स्वच्छ असती तरी खोल पाण्यांत ती स्वतःच बुडाली असती व पाणी वरून आंत आलें असतें. म्हणून उपाय एकच : छिद्र बुजवूं नये, त्याचें तोंड उंच न्यावें.

पुतण्यानें व मिस्त्र्यांनीं मिळून तें काम केलें. मूळची टोपी काढून तेथें नळीचें तोंड बसविलें आणि तेलानें न फुगणारी रबरी नळी चॅसिसच्या कडेनें थेट बॉनेटखालीं उंच नेली. असें काम करवून घेणारांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आंस खड्ड्यांतून वरखालीं होतो, म्हणून नळीस त्याच्यापाशीं पुरेसा ढिलेपणा द्यावा. नळी सतत चढती असावी. मध्यें झोळ पडला तर तेथें तेल किंवा पाणी सांचून श्वास पुन्हां कोंडतो. सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी. वरचें टोंक खालीं वळवून त्यावर लहानशी जाळी बसवावी. कोंकणांत कुंभारीण माशी उघडें भोंक दिसलें कीं मातीनें लिंपून टाकते. गाडीची हमी चालू असेल तर विक्रेत्यास आधीं विचारावें.

लॉकरचा विचार वेगळा करावा लागतो. विजेच्या मोटरीनें चालणाऱ्या लॉकरास कांहीं गाड्यांत स्वतःचा निराळा ब्रीदर असतो. आंसाचा उंच नेऊन तो खालींच ठेवला, तर पाणी मोटरींत शिरून लॉकर ऐन चिखलांत दगा देतो. लॉकर दाबलेल्या हवेवर चालणारा असेल आणि त्याचें आंतलें रबरी कडें झिजलें असेल, तर ती हवा आंसाच्या पेटींत येते व ब्रीदरवाटे तेल बाहेर उडतें. अशा वेळीं भोंक बुजविण्याचा मोह होतो. पण तपासावयाचें तें कडें. आणि कितीहि बंदोबस्त केला तरी खोल पाण्यांतून गेल्यावर तेल एकदां पाहावें. तें दुधाळ दिसलें तर त्याच दिवशीं बदलावें.

काम पुरें झाल्यावर खरा वाद सुरू झाला. पुतण्या म्हणाला, “काका, आतां ब्रीदर बॉनेटपर्यंत नेला आहे. गाडी कमरेएवढ्या पाण्यांतून जाईल.” थोरल्यांनीं विचारलें, “अरे, आंस पाणी पीत नाहीं, एवढ्यावरून गाडी वाहून जात नाहीं असें तुला कोणी सांगितलें?” या प्रश्नाचें उत्तर गणितांत आहे. केबिनचा तळ तीन-चार चौरस मीटरांचा धरला, तर आंत पाणी शिरेपर्यंत तळाच्या वर चढणाऱ्या प्रत्येक दहा सेंटिमीटर पाण्यामागें गाडीचें तीनचारशें किलो वजन पाणी उचलून धरतें. दोन टनांची गाडी अशी हलकी होत जाते आणि चाकांची जमिनीवरील पकड सुटते. साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, वाहतें पाणी बहुतेक मोटारी ओढून नेऊं शकतें. इंजिनानें हवेच्या वाटेनें पाणी ओढलें तर तें जागच्या जागीं बंद पडतें, तें निराळेंच. यांपैकीं एकाहि गोष्टीवर ब्रीदरची नळी हा इलाज नव्हे.

शेवटीं फरशीच्या तोंडाशीं जांभ्या दगडाच्या खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबडी रेघ मारण्यांत आली. रेघ बुडाली कीं गाडी उतरावयाची नाहीं. मग आंबा नासो वा लग्नाचा मुहूर्त टळो. पुतण्यानें कबूल केलें, पण मनापासून नव्हे.

पुढच्या श्रावणांत एका रात्रीं त्याच्याच पत्नीस अकाळीं कळा सुरू झाल्या. दिवस भरण्यास तीन आठवडे अवकाश होता आणि पाऊस कोसळत होता. पुतण्या किल्ली घेऊन फरशीपर्यंत धांवला. बॅटरीच्या उजेडांत खांब दिसला, रेघ दिसेना. गाडी मागें उभी, घरांत पत्नी कण्हत आहे, आणि पलीकडचा रस्ता पन्नास पावलांवर! काकांकडे त्यानें एकदां पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. किल्ली खिशांत घालून तो माघारी वळला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पलीकडच्या तीरास बोलाविली. मुलीला वेताच्या खुर्चींत बसवून चौघांनीं साकवावरून नेलें, आणि वहिनी कंदील धरून पुढें चालल्या. पहांटे रुग्णालयांत कन्यारत्न झालें. दोघीहि सुखरूप आहेत.

सकाळीं पाणी ओसरलें तेव्हां फरशीच्या मधोमध चार हातांचें भगदाड दिसलें. दगड रात्रींच वाहून गेले होते, आणि वरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याखालीं तें कोणासहि दिसलें नसतें. आम्ही गेल्या खेपेस तेथें गेलों तेव्हां फरशी पुन्हां बांधून झाली होती, आणि पुतण्या स्वतः ब्रश घेऊन खांबावरची रेघ ताजी करीत होता. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं तिचा ब्रीदर या पावसाळ्यापूर्वीं अवश्य उंच न्यावा. पण त्याच दिवशीं आपल्या ओढ्याच्या कांठीं एक तांबडी रेघहि ओढून ठेवावी.