मोसंबीच्या पानातलं मँगनीज

एक प्रश्न मुलांना विचारून बघा. झाड सोडतं तो ऑक्सिजन येतो कुठून? बहुतेक जण सांगतील, कार्बन डायऑक्साइडमधून. सांगणारच! "झाड कार्बन डायऑक्साइड घेतं, ऑक्सिजन सोडतं" हे वाक्य आपणच घोटून घेतो. खरं तर तो पाण्यातून येतो. रुबेन आणि केमन यांनी 1941 मध्ये शेवाळाला जड ऑक्सिजनचं पाणी देऊन हे दाखवलं.

पाणी फोडायला पान धातू वापरतं. मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच, एवढासा गुच्छ. त्याची बारकाईने रचना जपानी शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडली. प्रकाशाच्या एकेका धक्क्याला गुच्छ एकेक इलेक्ट्रॉन देतो. चार गेले की पाण्याच्या दोन रेणूंमधून ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो आणि गुच्छ मूळपदावर येतो. म्हणून "उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही" ही व्याख्या मला खटकते. तो भाग घेतो, फक्त शेवटी जसाच्या तसा परत मिळतो.

आपल्या जालन्याच्या मुलांना मँगनीज परकं नाही. इथल्या कारखान्यांत सळईचं पोलाद बनवताना ते घालतात. मोसंबीला ते कमी पडलं की पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळट पडतो. शेतकऱ्याचं पोर हे बघत असतं. आपण मात्र जीवशास्त्राचा तास वेगळा आणि रसायनाचा वेगळा ठेवतो.

एक तासिका काढा. दोन्ही टोकांनी तासलेल्या दोन पेन्सिली पाण्यात उभ्या करा, चिमूटभर खायचा सोडा टाका. दीड व्होल्टच्या एका सेलवर बुडबुडे जवळपास दिसत नाहीत, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दिसतात. हिशेबाने 1.23 व्होल्ट पुरायला हवेत. जास्तीचे लागतात ते थोडे पाण्याच्या रोधामुळे आणि बरेचसे ऑक्सिजन जुळवणं अवघड म्हणून. तिथेच उत्प्रेरक लागतो. हायड्रोजन बनवणाऱ्या काही यंत्रांत त्यासाठी इरिडियम वापरतात, ते भलतंच महाग. म्हणून पानाची नक्कल करत मँगनीज-कॅल्शियमचे ऑक्साइड तयार केले जातात. ते चालतात, पण पानाइतके वेगाने नाही. शिवाय कडक उन्हात गुच्छाभोवतीचं प्रथिन बिघडतं, आणि पान ते सतत बदलत राहतं. प्रयोगशाळेतल्या पुडीला हे अजून जमलेलं नाही.

आणि हो, सोड्याऐवजी मीठ टाकू देऊ नका, क्लोरीन निघतो.