साहित्यातून वैद्यकाकडे

आपल्याकडे बारावीनंतर मुले थेट एम.बी.बी.एस.च्या वर्गात बसतात. अमेरिकेत मात्र बहुधा आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. तेथील लहान लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांत जीवशास्त्र, रसायन, भौतिकी हे आवश्यक अभ्यासक्रम पुरे करून मुख्य विषय साहित्य वा तत्त्वज्ञानही घेता येतो. हॅरल्ड व्हार्मस यांनी १९६१ साली अ‍ॅमहर्स्ट येथे इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, वैद्यक नंतर. १९८९ साली कर्कजनुकांवरील संशोधनासाठी मायकेल बिशप यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवेशपरीक्षेतही २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र आले आहे. तेव्हा तिकडच्या नातवंडांच्या हाती कवितासंग्रह दिसला, तर आम्ही वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावू नये. रोग्याचे म्हणणे समजून घेण्याची तीही एक तालीमच आहे.