सनदेवाचून धावलेली टेस्टारोसा

१९८६ साली सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी ‘आउटरन’ हा खेळ रचला, तेव्हा त्यातील उघड्या टपाच्या तांबड्या फेरारी टेस्टारोसासाठी कारखानदाराची सनद घेण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि मौज अशी की, तशी उघडी टेस्टारोसा फेरारीने अधिकृतपणे एकच, तीही फियाटच्या जान्नी आन्येल्ली यांच्यासाठी, बांधली असता, नाणे टाकणाऱ्या कोणत्याही पोराला ती समुद्रकाठाने, मनाजोगे संगीत निवडून, पिटाळता येत होती. पुढे रीतसर करार झाले, आणि मुदत सरताच २००९ चा ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ विक्रीतून नाहीसा झाला. नाममुद्रेवरील कारखानदाराचा हक्क निर्विवाद आहे. परंतु परवाना संपला म्हणून कलाकृतीच दफ्तरातून खारीज व्हावी, हा न्याय नव्हे.