ग्रील घ्या, पण सूर्यास्त पाहून



"भाज्याच तर भाजायच्या, मग कोळसा काय नि गॅस काय?" इथे शिकागोत दर उन्हाळ्यात हे ऐकते. मला मुळीच पटत नाही.

कोळसा नीट फुलायलाच अर्धा तास जातो. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठला, तेव्हा कसेबसे जमते. सप्टेंबरअखेर तो पावणेसातच्याही आधी येतो. मग "आज उशीर झाला, चालेल" सुरू होते. शिवाय जेवणानंतरही निखारे धगधगत राहतात आणि अंधारात किडे त्यांत पडतात. आपण रात्रिभोजन सोडायचे आणि आग मात्र रात्रभर ठेवायची?

गॅसचा ग्रील दहा-पंधरा मिनिटांत तापतो. मका, पनीर, सिमला मिरची, कच्ची केळी झाली की बटण बंद. पण त्याच्या नळ्यांत कोळी घर करतात. पेटवण्याआधी रोज पाहा. वापरलेला ग्रील स्वस्त मिळतो, पण त्यावर काय भाजले असेल ते आठवा.

"बारमाही ग्रील" म्हणाल, तर डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. तेव्हा ग्रील शनिवार-रविवारी दुपारीच. त्यात कमीपणा कसला?

आकार, किंमत नंतर बघा. आधी घड्याळ बघा.