पाहणीवाली बाई दाराशी आली, तर…

भगिनींनो, आरोग्याची पाहणी करणारी बाई वही घेऊन दाराशी येते, तेव्हा आपण काय करतो? "सगळं ठीक आहे हो," म्हणून दोन मिनिटांत तिची बोळवण करतो. गॅसवर दूध असतं, सासूबाई समोरच बसलेल्या असतात. त्यांच्यादेखत अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, हे सांगायचं कसं? मग वहीत नोंद होते : 'तक्रार नाही.' अशा नोंदींवरून योजना आखल्या, तर त्यांत आपलं दुखणं येणार कुठून?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वेगळी वाट धरली. दवाखान्यात येतील तेवढ्याच बायका न मोजता त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८! उरलेल्या दवाखान्याच्या रजिस्टरात दिसल्या असत्या का?

तिथे बाळंतपणं बहुतेक घरीच होत. तेव्हा तान्ह्या बाळांवरचे उपचारही घरीच करून पाहिले, गावातल्याच बायकांना शिकवून. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळाला बघायला घरी येते, त्यामागे हे काम आहे.

खेड्यातली गोष्ट, आपल्याला काय त्याचं, असं मात्र म्हणू नका. संकोच शहरातही आहेच.

अशा संशोधनाला पैसाही तसाच लागतो. नुसत्या यंत्रांना देऊन भागत नाही. घरोघरच्या फेऱ्या, स्थानिक बाईचा पगार, एकांतात बोलायला वेळ आणि सापडलेल्या रोगावर उपचार, यांची तरतूद आधीच हवी. किराणा भरला आणि गॅसला पैसे उरले नाहीत, तर स्वयंपाक होत नाही, हे तुम्हाला का सांगायला हवं?

पुढच्या खेपेला एवढं करा. पाहणी कुणाची, पैसा कुणाचा, नाव गुप्त राहील ना, रोग निघाला तर उपचार कुठे, हे आधी विचारा. उत्तरं पटली नाहीत, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. पटली, पण घरात माणसं असली, तर "दुपारी तीनला या," म्हणून सांगा. आणि ती आली, की आडपडदा न ठेवता बोला.