गाडी थांबणार कुठे आणि कुणासाठी?



आमच्या कंधार तालुक्यात रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीने नाही तर काळीपिवळीने पन्नासेक किलोमीटरवरचं नांदेड गाठायचं. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं म्हटलं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. म्हणूनच नांदेड-लोहा-लातूर रोड असा सरळ मार्ग व्हावा ही इथली जुनी मागणी आहे. लोहा म्हणजे कंधारचं शेजारगाव. तेव्हा ही मागणी आपलीही आहे.

पण या मागणीसाठी भरणाऱ्या ज्या बैठकींना मी गेले, तिथे बोलणारे व्यापारी, वकील, पुढारी. बोलणं उद्योगांचं, मालधक्क्याचं, मुंबईच्या थेट गाडीचं. ते चूक नाही. पण गाडी कोणत्या गावाला थांबेल, किती वाजता येईल, तिकीट कितीचं असेल, डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर घेतलेली बाई तिच्यात चढू शकेल का, हे कुणी विचारत नाही. बैठकीत बाई नसते, म्हणून हे प्रश्नही नसतात.

रेल्वेचा मार्ग ही काही देवानं आखलेली रेघ नव्हे. आपल्या लातूरचंच पाहा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली आणि १९२७ साली पलीकडे मिरजेला. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. तिचे जुने रूळ उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, शहराला बगल देऊन गेले होते. २००७-०८ साली लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला तेव्हा तो वळवून या शहरातून नेला गेला. म्हणजे रूळ वळू शकतात. कुणाच्या शब्दाखातर वळतात, एवढाच प्रश्न असतो.

याच मार्गाने एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. घागरी घेऊन रात्र रात्र रांगेत कोण उभं होतं, हे सांगायला नको. ‘आडवाटेचा मार्ग, परवडत नाही’ म्हणून हे रूळ कुणी आधीच उखडून टाकले असते, तर ते पाणी कशावरून आलं असतं? तिकिटाच्या गल्ल्यावरून मार्गाची किंमत ठरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

सगळ्याच लहान मार्गांचं नशीब लातूरसारखं नाही. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रज कंपनीने घातलेली विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ काही वर्षांपूर्वी बंद पडली. खानदेशातली पाचोरा-जामनेर गाडी, लोकांची ‘पीजे’, २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती कायमची. तिथे आता रुंदीकरण हाती घेतलं आहे. रुंदीकरण हवंच. पण नवे रूळ पडेपर्यंत मधली वर्षं जातात. त्या वर्षांत कुणाची शाळा सुटते, कुणाचं दवाखान्यात जाणं लांबतं, त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

भाड्याचंही तसंच. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायांना रेल्वेत तिकिटात निम्मी सवलत होती. २० मार्च २०२०पासून ती बंद झाली. करोना सरला, सवलत परतली नाही. त्याच काळात पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं गेलं. दहाचं किमान तिकीट तीस रुपयांवर गेलं, ते २०२४मध्ये पुन्हा दहावर आलं. उलट राज्याच्या एसटीत १७ मार्च २०२३पासून बायांना अर्धं तिकीट आहे. त्याने काय झालं ते आम्ही गावोगावच्या बैठकांत ऐकतो. बाया माहेरी जातात, कोर्टाची तारीख चुकवत नाहीत, दुखणं अंगावर काढण्याऐवजी नांदेडला जातात. ‘पैसे दे’ म्हणून नवऱ्यापुढे हात पसरणं थोडं कमी झालं. स्वस्त तिकीट म्हणजे खैरात नाही. बाईच्या हाती आलेला तो घराबाहेरचा रस्ता आहे.

मालाचंही बोलू. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, म्हणजे बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेवरून. भाजी-फळांना भाड्यात निम्मी सूट होती. फळ निवडायला, भरायला बायांचे हात लागतात, पण सातबारा पुरुषाच्या नावावर आणि पैसाही त्याच्याच हाती. आमच्या भागात रेल्वे आली तर अख्खी गाडी भरून सोयाबीन नेणाऱ्यांची सोय होईलच. बचत गटाची पाच पोती डाळ लहान स्टेशनवरून जाईल का, हे मात्र आपण विचारल्याशिवाय ठरणार नाही.

आणि रूळ जमिनीवरून जातात. भूसंपादन आलं की नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. पण २०१३च्या कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं राबून पोट भरणारं भूमिहीन कुटुंबही बाधित मानलं आहे. या कायद्यातल्या पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५पासून रेल्वेलाही लागू आहेत. भावाच्या घरी राहून त्याच्या रानात राबणाऱ्या किती परित्यक्तांना हे माहीत आहे?

म्हणून आपल्या मागण्या आपणच मांडू या. मार्ग आणि थांबे ठरण्याआधी गावोगाव महिलांची ग्रामसभा व्हावी. सकाळी कॉलेज-दवाखान्याच्या वेळेला आणि संध्याकाळी परतीला, प्रत्येक थांब्यावर थांबणारी पॅसेंजर असावी. थांब्यावर दिवा, पाणी, संडास असावा. वयस्क बायांची सवलत परत मिळावी. भूसंपादनाच्या यादीत एकट्या बायांची नावं वेगळी लागावीत.

गाडी यायला कदाचित बरीच वर्षं लागतील. पण कागदावर रेघ त्याआधीच ओढली जाते, आणि ती ओढताना आपण तिथे असायला हवं. तुमच्या भागातली कोणती गाडी बंद पडली, कोणता थांबा गेला, त्याने बायांचं काय झालं, ते लिहून पाठवा. सगळ्या भागांतली माहिती एकत्र करून आपण एकच निवेदन देऊ.